रिसोडच्या दुकानात लिहिलेल्या शपथा

किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. माझ्याकडे आल्या त्या सगळ्या तक्रारी. "मास्तर, तुमी लिहून देल्लं ते असं निंगालं," म्हणत माणसं यायची, ओसरीवर बसून तणतणायची आणि चहा पिऊन जायची. मग वर्षं गेली. तक्रार करणारेच नातवंडांना मांडीवर घेऊन तीच तक्रार हसत सांगू लागले. किस्सा असाच तयार होतो. माझ्याजवळ असे पुष्कळ साठलेत, त्यातले थोडे सांगतो.

गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. रिसोडपासून दोन कोसांवर एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय बावीस, लग्न झालेलं नाही, आणि मराठी आपल्याला फार उत्तम येतं असा पक्का समज. दर रविवारी सायकल मारत रिसोडला शांतीलालजींच्या कापडदुकानात जायचो. शांतीलालजी जैन, चाळिशीचे, बोलणं कमी आणि अक्षर असं की छापलेलं वाटावं. आमच्यातले तिसरे नारायणराव. शेतीवाडी भरपूर, वाचायची हौस मोठी आणि वाद घालायची त्याहून मोठी. आम्ही तिघं दुकानाच्या गादीवर बसून वर्तमानपत्र वाचायचो. त्या गादीवरच हा उद्योग सुरू झाला.

सुरू झाला तो नारायणरावांच्या बायकोमुळे.

एका रविवारी नारायणराव बोडक्यानं आले. डोक्याला टोपी नाही म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय, हे आम्ही ओळखलं. भांडण कशावरून झालं ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण भांडता भांडता ते वहिनींना म्हणाले होते, "लग्नात काय वचन देल्लं होतं, आठवते का तुले?"

सरस्वतीवहिनी म्हणाल्या, "नाई बाप्पा. काय देल्लं होतं?"

नारायणरावांना सांगता येईना. सात पावलं चाललो होतो आणि धूर डोळ्यात जात होता, एवढंच त्यांना आठवत होतं.

"बरं, तुमी काय देल्लं होतं?" वहिनींनी विचारलं.

तेही आठवेना.

"म्हंजे माह्यं मले मालूम नाही आन् तुमचं तुमाले मालूम नाही," वहिनी म्हणाल्या. "मंग मोडलं कोनं?"

नारायणराव टोपी तिथेच टाकून निघाले होते. आमच्यासमोर बसून म्हणाले, "मास्तर, बारा वर्सं झाली. मी कोन्त्या बोलीवर नांदून राह्यलो हेच मले मालूम नाही."

त्या दिवशी ठरलं. अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं जसंच्या तसं राहू द्यायचं. फक्त शेवटी नवऱ्यानं आणि नवरीनं सगळ्यांसमोर मराठीत शपथ घ्यायची, आणि ती दोघांना समजली पाहिजे. मी लिहायची, शांतीलालजींनी चांगल्या कागदावर उतरवायची, आणि नारायणरावांनी गावोगावच्या माणसांना पटवायचं.

०००

पहिलं लग्न मिळालं ते इंझोरीच्या नवऱ्याचं. मुलगी रिसोडची, नारायणरावांच्या नात्यातली. वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं होतं, माणसं थकलेली होती. मी आठ दिवस खपून शपथ लिहिली होती. तिच्यात एक वाक्य माझ्या फार आवडीचं होतं: "मी हिचा योगक्षेम यावज्जीव वाहीन."

नवरदेवाचं नाव भिकाजी. शेतकरी गडी, दणकट. मी सांगायचो, तो मागून म्हणायचा. या वाक्याशी तो थांबला.

"काय वाह्याचं हाये?" त्यानं विचारलं.

"योगक्षेम."

"कुठवर?"

"यावज्जीव."

भिकाजीनं आपल्या बापाकडे पाहिलं. बाप पुढे आला. "मास्तर," तो म्हणाला, "हे देन्याघेन्याच्या बोलीत नव्हतं. आमी चार गाड्या आनल्या, त्या मानसायनं भरल्या. वझं कायच्यात न्याचं?"

मी समजावून सांगायला गेलो, पण योगक्षेमाचा अर्थ सांगताना मीच दोनदा अडखळलो. तेवढ्यात नवरीचा बाप घाईनं मधे पडला. त्याला वाटलं, लग्न मोडतं की काय.

"जवाईबापू, तुमी फकस्त व्हय म्हना," तो म्हणाला. "वझं मी माह्या गाडीनं पोचवतो."

लग्न लागलं. बिचारा नवरीचा बाप दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला, "द्या मास्तर, ते काय होतं ते."

त्या दिवसापासून मी पुस्तकी मराठी सोडली.

०००

मग मी साधं लिहायला लागलो. इतकं साधं, की त्यात कोणाला काही विचारायला जागाच राहू नये. "मी हिला कधी उपाशी ठेवणार नाही." यात काय अवघड आहे?

बैठक दुकानातच होती. दोन्हीकडची माणसं शपथ ऐकायला आली होती. वाक्य वाचलं आणि नवऱ्याची आई म्हणाली, "कधीच नाही म्हंता? आन् एकादशीले?"

बरोबर होतं. "एकादशी सोडून" असं मी घातलं.

"संकष्टी?" नवरीची मावशी म्हणाली. तीही घातली. नवऱ्याच्या आईनं सांगितलं की आमच्या घरात सोमवार महादेवाचा असतो. मावशी म्हणाली, आमची पोर मंगळवार धरते, तो लग्नानंतर सुटायचा नाही. गुरुवार दत्ताचा निघाला. शुक्रवार देवीचा. शनिवार मारुतीचा, तो तर नवरदेव स्वतःच करत होता. कोणीतरी कुलदैवताचा रविवार आणला. कोणीच आपला वार सोडायला तयार नव्हतं, आणि वार न लिहिता शपथ घेतली तर ती पहिल्याच आठवड्यात मोडेल, हेही सगळ्यांना पटलं होतं. शांतीलालजी मान खाली घालून लिहीत होते. पर्युषणातले उपास करणारा माणूस, त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

कोपऱ्यात नवरीचे आजोबा बसले होते. म्हणाले, "सेठजी, आता मंग पोरीले जेवाचं कवा?"

शांतीलालजींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, बोटांवर मोजलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बुधवार खाली हाये."

आजोबा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "बुधवारी पोटभर घालजा म्हना," आणि निघून गेले. ते वाक्य शेवटी आम्ही गाळलं. लग्न त्याच्याशिवायच झालं.

०००

आता माझ्या नोकरीवर बेतलं तो प्रसंग.

एवढं झाल्यावर मी एक युक्ती काढली. नवी शपथ लिहिली की ती आधी चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन म्हणून घालायची. दहा वर्षांच्या पोराला कळली तर नवरदेवाला कळेल. कळली नाही तर पोरं तोंडावर सांगायची. पोरांनी माझी मराठी जेवढी सुधारली तेवढी ट्रेनिंगमध्येही सुधारली नव्हती.

पण कोणीतरी वर अर्ज केला, की मास्तर शाळा सोडून लग्नं लावत फिरतात. एका सकाळी न कळवता शाळा तपासणारे डिप्टीसाहेब दारात उभे. काळा कोट, हातात छडी, कपाळाला आठ्या. घरी आई होती, तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि डिप्टीसाहेबांच्या एका ओळीवर नोकरी जात असे.

साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. सरळ चौथीच्या वर्गासमोर जाऊन म्हणाले, "मास्तरांनी अलीकडे काय पाठ करून घेतलं? म्हणा."

अख्खा वर्ग उभा राहिला. पाठ म्हणताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाहायचं, हे मीच शिकवलेलं. अडतीस पोरं डिप्टीसाहेबांच्या डोळ्यात पाहून एका सुरात म्हणाली:

"मी तुला घरात आणतो आहे, विकत आणत नाही. तुझ्या आईबापाचं नाव मी वाईट तोंडानं घेणार नाही. तू आजारी पडलीस तर मी घरी थांबीन. आजपासून तू माझी आणि मी तुझा."

साहेबांची छडी हवेत तशीच राहिली. मग ते खुर्चीवर बसले. "हे कोणत्या पुस्तकातलं?" त्यांनी मला विचारलं.

लपवून काही होणार नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं, अगदी योगक्षेमासकट. साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी एकेकाची पाटी मागवून तपासली, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि पाणीही न पिता टांग्यात बसून गेले.

पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग रिपोर्ट आला. त्यात दोनच ओळी होत्या: "शुद्धलेखन उत्तम. विषय मुलांच्या वयास किंचित लवकर."

०००

शपथ सांगायला उभं राहणारा माणूस चांगल्या नजरेचा असावा, हे मला गणपतच्या लग्नात कळलं.

गणपत माझाच विद्यार्थी. मी पहिल्यांदा मास्तर झालो तेव्हा तो शेवटच्या वर्गात होता, मिसरूड फुटलेला. मास्तर म्हणतील ते मागून म्हणायचं, यापलीकडे त्याला शाळेतलं काही आठवत नव्हतं. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून शपथ सांगायला नारायणराव उभे राहिले. मी खाटेवर टेकून ऐकत होतो.

"मी गणपत," नारायणराव म्हणाले.

"मी गणपत."

होमाच्या धुरानं नारायणरावांना दिसेना. "थांब, चष्मा पुसतो," ते म्हणाले.

"थांब, चष्मा पुसतो," गणपत म्हणाला.

"हे नाही म्हणायचं."

"हे नाही म्हनाचं."

"अरे, मी सांगीन तेवढंच म्हण."

"अरे, मी सांगीन तेवढंच म्हन," गणपत नवरीकडे पाहून म्हणाला. नवरीला वाटलं, आता आपली पाळी. तिनंही ते म्हटलं. मांडवात हसू फुटलं. नारायणराव चिडून कागद माझ्या हातात देऊन खाली बसले आणि उरलेली शपथ मी तापात सांगितली.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण गणपतचे सासरे मोठे काटेकोर. त्यांना डोळ्याला कमी दिसायचं, जाड भिंगाचा चष्मा होता. पहिल्या दिवाळीला जावई घरी आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. "अग्नीसमोर म्हनलं हाये तुमी," ते म्हणाले. "आमी सगळ्यायनं ऐकलं."

गणपत सरळ माणूस. म्हणालो तर म्हणालो. सासरे असेपर्यंत दर दिवाळीला त्यानं तो चष्मा पुसला. बाकीची शपथ त्याला विचाराल तर आठवणार नाही.

०००

मेडशीच्या किसनची गोष्ट याहून वेगळी. तिच्यात शपथ अक्षरशः पाळली गेली.

किसनचा आवाज मोठा होता. वाईट माणूस नव्हता, पण शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर गावातली कुत्री उठायची. मुलीच्या आईनं बैठकीत एकच गोष्ट मागितली. "माह्या चंद्रभागेवर आवाज चढवाचा नाही. तिच्या बापानं आमाले जलमभर तेच केलं." चंद्रभागेचा बाप तिथेच बसला होता. तो खाली पाहत राहिला. आम्ही शपथ लिहिली: "मी तुझ्याशी मोठ्या आवाजात कधी बोलणार नाही." किसननं ती चारदा म्हणून पाठ केली.

सहा महिन्यांनी मी मेडशीला गेलो तेव्हा त्याच्या घरावरून जात होतो. अंगणातून गर्जना आली.

"ढवळ्या, तुह्या मालकिनीले म्हन, भाकर झाली का?"

घरातून चंद्रभागेचा आवाज आला, "ढवळ्या, मालकाले सांग, हात धुवा म्हना."

मी आत गेलो. किसन बैलाजवळ उभा होता. म्हणाला, "मास्तर, हळू बोलाले गेलो की माह्या तोंडातून शब्दच निंगत नाही. आन् शपथ तं घेतली. मंग ढवळ्याशी बोलतो. त्याच्याशी कसं बोलाचं हे कागदात नाही."

"अन् तुमचं काही म्हणणं?" मी चंद्रभागेला विचारलं.

"मले काई तरास नाही," ती म्हणाली. "कवा राग आला तं मीबी त्यालेच बोलते."

पुढे ढवळ्या म्हातारा झाला. नांगराला चालेना, गाडीला चालेना. व्यापारी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा चंद्रभागा स्वतः दारात आडवी उभी राहिली.

"ह्याले नेलं," ती म्हणाली, "तं आमच्या दोघायत बोलन कोन?"

०००

आता यमुनाबाईंचं सांगतो आणि थांबतो.

माझ्याच गावात तुळशीराम म्हणून एक म्हातारा होता. दोन मुलगे, सुना, नातवंडं. लग्न झालं तेव्हा तो आठ वर्षांचा, यमुनाबाई पाच वर्षांच्या. दोघांनाही मामांनी कडेवर घेऊन उभं केलेलं. आता पन्नास वर्षं होत आली होती. नातीच्या लग्नात त्यानं आमची शपथ ऐकली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आला.

"मास्तर, एक आमचीबी लिहा," म्हणाला. "तिले कोनं इचारलंच नाही तवा. मलेबी नाही."

मुलांना लाज वाटली. पण म्हातारा ऐकेना. स्वतःच्या वाट्याचं त्यानंच सांगितलं: "तू जेवल्याबिगर मी जेवनार नाही. तुह्या मनात नसन ते या घरात होनार नाही. मी पयले गेलो तं हे घर तुह्यं राहीन."

रिवाजाप्रमाणे मी ते वाचून दाखवायला यमुनाबाईंकडे गेलो. त्या सुपात तूर पाखडत होत्या. सगळं ऐकलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "सांगून राह्यले का इचारून राह्यले?"

"विचारतोय, बाई."

"मंग इचार करून सांगते."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "मास्तर, दुसरं कोनी आलं होतं का?"

"कशाला?"

"मले मागाले."

तुळशीरामला मी जसंच्या तसं सांगितलं. तो हसायला लागला आणि मधेच थांबला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आला. "काई बोलली का?" तिसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून आला. चौथ्या दिवशी कळलं की त्यानं आपली खाट गोठ्यात नेली आहे. मी समजवायला गेलो. म्हणाला, "मास्तर, आता इचारलं हाये. तिनं नाही म्हनलं तं मी त्या घरातला कोन?"

गावात दुसरा विषय उरला नाही. मोठा मुलगा आईच्या हातापाया पडला. "आई, व्हय म्हन ना वं. लोक हासून राह्यले."

"तुह्या बापानं मले इचारलं," यमुनाबाई म्हणाल्या. "तुले नाही."

मग त्या कोणाला न सांगता भावाच्या गावी गेल्या. दोन दिवस तिथे राहिल्या. तिथे काय बोलल्या, कोणाशी बोलल्या, कोणाला कळलं नाही. तुळशीराम त्या दोन दिवसांत जेवला नाही. सुना ताट घेऊन गोठ्यात जायच्या आणि ताट तसंच परत यायचं.

परत आल्यावर यमुनाबाईंनी मला निरोप पाठवला: रविवारी या.

आम्ही तिघंही गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं. नवरानवरीला जसा मांडतात तसा पाट मांडला होता. तुळशीरामला लिहावाचायला येत नव्हतं, पण गोठ्यात बसून त्यानं शपथ पाठ केली होती. एक शब्द न चुकता त्यानं ती म्हटली.

मग मी यमुनाबाईंकडे वळलो. "बाई, तुम्हाला कबूल आहे?"

त्यांनी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदा पाहावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत.

"आजपासून कबूल," त्या म्हणाल्या.

मुलं हसली, सुना हसल्या, माझ्या शेजारी नारायणरावांनी टाळी वाजवली. तुळशीराम तेवढा हसला नाही. तो थोडा पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "आन् आजवरचं?"

यमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनांकडे वळून म्हणाल्या, "चला, पत्रावळ्या मांडा. मानसं कवाची बसली हायेत."